आणखी एक कोर्स नको, आणखी एक माणूस द्या

सुकाणू (धागाकर्ता)

जहाजावर अपघात झाला की चौकशी होते आणि अहवालाच्या शेवटी एक शिफारस हमखास असते: खलाशांना अधिक प्रशिक्षण द्यावे. मग नवा कोर्स निघतो, त्याची फी निघते, सर्टिफिकेटांची फाईल आणखी फुगते. जहाजावर माणूस मात्र वाढत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रशिक्षणाचे निकष पुरेसे कडक आहेत. कमी पडते ती झोप, आणि ती कमी पडते कारण माणसं कमी आहेत.

शेन नेंग १ हे कोळशाचं जहाज ३ एप्रिल २०१० रोजी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर चढलं. वॉचवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या पाळीवर, चीफ मेट (कॅप्टनच्या हाताखालचा पहिला अधिकारी) होता. दिशा बदलायची जागा आली आणि मागे पडली, त्याच्या लक्षातच आलं नाही. त्याला चार्टवर पोझिशन लावता येत नव्हती का? येत होती. पण आधीच्या साडेअडतीस तासांत तो जेमतेम अडीच तास झोपला होता, कारण बंदरात कोळसा भरून घेण्याची जबाबदारी त्याच्याच गळ्यात होती. या माणसाला कुठला कोर्स देणार?

नियम म्हणाल तर एसटीसीडब्ल्यू करारात, म्हणजे प्रशिक्षण, प्रमाणपत्रं आणि वॉचकीपिंगच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारात, विश्रांतीचे तास ठरलेले आहेत. २४ तासांत किमान १०, आठवड्यात किमान ७७. त्या १० तासांचे फार तर दोन तुकडे करायचे, त्यातला एक सलग ६ तासांचा हवा. ऐकायला बरं वाटतं. आता १६८ मधून ७७ वजा करा. आठवड्याला ९१ तास काम, तेही कायद्यात बसवून! किनाऱ्यावरच्या कुठल्या कामगाराला हे सांगून बघा. लहान जहाजांवर तर कॅप्टन आणि एकच मेट, सहा तास तू, सहा तास मी, असं महिनोन्महिने चालतं.

होकायंत्र

सुकाणूराव, थकव्याबद्दल सहमत. पण 'निकष पुरेसे आहेत' याला माझा साफ विरोध आहे. मी आता शिकवतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटलं तर वाटू दे.

स्कँडिनेव्हियन स्टार आठवा. १९९० साली त्या प्रवासी फेरीबोटीला आग लागली, १५९ माणसं गेली. बरेचसे कर्मचारी जहाजावर नवे, आगीचा सराव झालेला नाही, प्रवाशांशी आणि आपापसांत बोलायला धड एक भाषा नाही. तिथे दहा माणसं जास्त असती तर धुरात वाट चुकणारे दहा जण वाढले असते, दुसरं काही नाही. १९७८ च्या मूळ करारात बरंचसं 'त्या त्या देशाच्या समाधानाप्रमाणे' सोडलेलं होतं. समुद्रावर किती महिने काढले ते मोजायचे, काय येतं ते कोणी नीट तपासायचं नाही. १९९५ च्या दुरुस्तीने प्रत्येक पदाला काय करून दाखवता आलं पाहिजे ते लिहून काढलं. मग २०१० मध्ये मनिलाला पुन्हा मोठी दुरुस्ती झाली. तुम्ही ज्या विश्रांतीच्या तासांवर भांडताय ते याच करारात आहेत, हे विसरू नका.

आणि दुसरं उदाहरण घ्या. ओव्हिट हा केमिकल टँकर सप्टेंबर २०१३ मध्ये डोव्हरच्या सामुद्रधुनीत वार्न बँकेवर रुतला. एकडिसवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चार्टवर, आखलेली वाट सरळ उथळ पाण्यावरून जात होती. सेफ्टी काँटूर (उथळ पाण्याचा इशारा देणारी रेषा) चुकीचा लावलेला, अलार्मचा आवाज बंद. चौकशीचा रोख झोपेवर नाही, यंत्र वापरता न येण्यावर आहे.

सुकाणू

पण सर, ओव्हिटच्या अधिकाऱ्यांनी एकडिसचा कोर्स केलेला होता ना? त्याच मॉडेलचा. सर्टिफिकेटं जागच्या जागी होती. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

होकायंत्र

नाही. कोर्स वाईट होता म्हणून कोर्सच नको, हा कुठला न्याय? कोर्स नीट घ्या, परीक्षेत नापास करायला शिका. वर्गात बसलेला प्रत्येक जण पास होतो, ही आमच्या धंद्याची लाज आहे आणि ती मी झाकणार नाही. पण त्यावरचा उपाय कडक परीक्षक हा आहे.

ऑइलर

दोघेही साहेब ब्रिजवरचे, म्हणजे वरून जहाज चालवणारे, म्हणून खालचं थोडं सांगतो.

बंद जागेत, म्हणजे टाकी, होल्ड (माल भरायची जागा), नांगराच्या साखळीची खोली अशा ठिकाणी, गंजणारं लोखंडसुद्धा हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. कोळसा, लाकूड, भंगार हे तर आणखी वाईट. हवेत जवळजवळ २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो बराच उतरला की माणूस ओरडतसुद्धा नाही, नुसता कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथेच पडतो. हे आम्हाला माहीत नाही असं वाटतं का? जानेवारी २०१५ पासून दर दोन महिन्यांनी याची ड्रिल सक्तीची आहे. ऑक्सिजनचा मीटर कसा धरायचा, कुठल्या कुठल्या उंचीवर मोजायचं, परमिटवर कोणाची सही, सगळं पाठ आहे.

तरी माणूस उतरतो. कारण वरून निरोप येतो की पहाटे सर्व्हेअर येतोय, होल्ड तयार पाहिजे. मीटर कॅलिब्रेशनला गेलाय. 'दोन मिनिटांचं तर काम आहे.' त्या वेळी 'मी नाही उतरत' म्हणायला जी ताकद लागते ती कोर्समध्ये मिळत नाही. पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळणार की नाही हे कोण ठरवतं, त्यावर ती अवलंबून असते.

हिशेबनीस

मी जहाजं चालवणाऱ्या ऑफिसात बसतो. म्हणजे या धाग्यावरचा खलनायक. मारा दगड, पण आधी ऐका.

माणसं किती ठेवायची याचा किमान आकडा आम्ही मनाने काढत नाही. 'मिनिमम सेफ मॅनिंग डॉक्युमेंट' फ्लॅग स्टेट, म्हणजे जहाजाची नोंदणी असलेला देश, देतो. त्यावर एक जास्त एबी (डेकवरचा अनुभवी खलाशी) ठेवायचा म्हणजे नुसता पगार नव्हे. त्याची केबिन, जाण्यायेण्याचं विमान, रजेतला बदली माणूस, विमा. भाडं ठरवताना समोरच्या कंपनीने तो खर्च धरलेला नसतो, आणि माल पाठवणारा आकडा बघून जहाज ठरवतो. आपलं जहाज रिकामं उभं राहिलं तर आहेत त्या माणसांचंही काम गेलं.

शिवाय काम कमीही झालंय. रात्री इंजिनरूममध्ये माणूस नसला तरी चालेल अशी जहाजं आहेत. एव्हर गिव्हन ४०० मीटर लांबीचं, २०२१ मध्ये सुएझमध्ये आडवं झालं तेव्हा त्यावर २५ माणसं होती. यंत्रं आहेत म्हणूनच ते २५ जणांत चालतं.

सुकाणू

समुद्रात चालतं हो. बंदरात बोला. पायलट, मूरिंग (जहाज धक्क्याला बांधणं), कार्गो, बंकर (इंधन), किराणा, पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे बंदराच्या देशाचा, इन्स्पेक्टर, ऑइल कंपनीचा तपासणीवाला, ऑडिटर, आणि कागदांच्या गठ्ठ्यासकट एजंट. सगळे एकाच दिवशी, आणि रात्री पुन्हा सेलिंग. यातलं कुठलं काम यंत्राने कमी केलं? उलट यंत्र वाढलं तसा त्याचा फॉर्म वाढला.

आणि मॅनिंगच्या कागदाबद्दल: फ्लॅग कोण निवडतं? मालक. पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स, जिथे परवडेल तिथे नोंदणी. फ्लॅगची आपापसांत गिऱ्हाइकासाठी स्पर्धा, मग किमान आकडा वर कशाला जाईल? आधी फ्लॅग निवडायचा आणि नंतर त्याच्याच कागदाकडे बोट दाखवायचं, हे काही पटलं नाही.

तासांच्या नोंदीबद्दलही एक सांगतो. वर्ल्ड मेरीटाईम युनिव्हर्सिटीने २०२० मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की नोंदी नियमात बसाव्यात म्हणून त्या दुरुस्त करणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे. सॉफ्टवेअर लाल चौकोन दाखवतं, तो हिरवा होईपर्यंत आपण आकडे सरकवतो. बोटीवर गेलेल्या कोणीही यावर आश्चर्य दाखवू नये.

उत्तररात्र

मी सेकंड ऑफिसर, बारा ते चारची वॉच. सुकाणूदादा, तुमचं बरंचसं पटलं, पण 'कोर्स नको' ही घोषणा टाळ्या मिळवणारी आहे आणि मला त्यातून वगळा.

एक म्हणजे, वाढवलेला माणूस कच्चा असेल तर तो माझ्या वॉचवरचं ओझं असतो. लुकआउट म्हणून उभा केलेला माणूस मासेमारीच्या होडीचा दिवा आणि किनाऱ्यावरचा दिवा यातला फरक सांगू शकत नसेल तर मी एकटीच आहे असं समजून वॉच काढते.

दुसरं, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्येक खलाशाच्या मूलभूत प्रशिक्षणात छळ आणि लैंगिक अत्याचार रोखण्याचा भाग सक्तीचा झाला. हा मला हवाच होता. २०२१ च्या एका जागतिक पाहणीत प्रमाणपत्रधारक स्त्री खलाशी सुमारे २४ हजार होत्या, एकूण खलाशी जवळजवळ १९ लाख. म्हणजे बहुतेक जहाजांवर एकही बाई नाही, आणि असली तर एकटी. ज्यांनी आयुष्यात बाई सहकारी पाहिली नाही त्यांना चार गोष्टी वर्गात सांगितल्या तर बिघडलं कुठे? तक्रार मात्र शेवटी कॅप्टनकडे जाते आणि कॅप्टनच त्रास देणारा असेल तर वर्ग काही करू शकत नाही. तिथे बाहेरचा दरवाजा लागतो. एमएलसीत, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, तो आहे, पण फोन लावायला सिग्नल हवा.

(अवांतर: डिसेंबर २०२४ पासून एमएलसीत सुरक्षेचे कपडे-बूट अंगाला बसतील अशा मापाचे देणं आणि इंटरनेटची सोय हे दोन्ही आलंय. आमच्या स्टोअरमध्ये बॉयलरसूट अजून एक्सेल आणि डबल एक्सेलच आहेत.)

किनाऱ्यावरची

मी जहाजावरची नाही, धाकटा भाऊ पहिल्यांदा जायचा आहे. एजंट नोकरी लावून देण्याचे पैसे मागतो. हे चालतं का? आणि कंपनीने मध्येच सोडून दिलं तर?

ऑइलर

ताई, नाही चालत. एमएलसी २००६, २०१३ पासून लागू, त्यात स्पष्ट आहे की नोकरी लावण्याची फी खलाशाकडून घ्यायची नाही. मेडिकल, पासपोर्ट, सीमन बुक एवढाच खर्च त्याचा. पैसे मागणाऱ्या एजंटाच्या जहाजावर पगार वेळेवर मिळेल असं समजू नका.

वाऱ्यावर सोडण्याबद्दल: २०१७ पासून मालकाला विम्याची हमी ठेवावी लागते. दोन महिने पगार थकला, जेवण-पाणी थांबलं किंवा घरी पाठवायला नकार दिला की खलाशी थेट विमावाल्याकडे मागू शकतो. घरी परतण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार त्यात येतो. त्या हमीचं सर्टिफिकेट जहाजावर दिसेल असं लावलेलं असतं. भावाला सांगा, साइन ऑन केल्या दिवशी त्याचा फोटो काढून तुम्हाला पाठव.

होकायंत्र

मूळ मुद्द्यावर येतो. सुकाणूराव, माणूस वाढवायचा हट्ट धरा, पण कोणाकडे? मालक ऐकणार नाही, फ्लॅग ऐकणार नाही. मला एकच जागा दिसते, ती म्हणजे बंदर. पोर्ट स्टेट कंट्रोलच्या इन्स्पेक्टरने विश्रांतीचा तक्ता नुसता बघू नये, तो बेलबुक (इंजिनला दिलेल्या हुकमांची वही), कार्गोचं लॉग, जहाजावर चढण्याउतरण्याचं रजिस्टर यांच्या शेजारी ठेवावा. चीफ मेट झोपला होता त्या तासाला बॅलास्टच्या (जहाजाचा तोल सांभाळणाऱ्या पाण्याच्या) नोंदीवर त्याचीच सही असेल तर जहाज थांबवावं.

सुकाणू

आणि शिक्षा कोणाला? खोट्या नोंदीखाली सही मेटची आणि कॅप्टनची असते. दोघांना घरी पाठवतील, नवे दोघे येतील आणि तोच तक्ता भरतील.

हिशेबनीस

ते जहाज किती वेळ अडकतं त्यावर आहे. दोन तास अडवलंत तर तुम्ही म्हणता तसंच होईल. 'मॅनिंग वाढवल्याशिवाय सोडणार नाही' असं लिहून दिलंत तर उभ्या जहाजाचा एका दिवसाचा तोटा मी डायरेक्टरांपुढे ठेवू शकतो, आणि एबीचा पगार त्यापुढे किरकोळ आहे. आज माझ्याकडे तसा एकही कागद नाही.