मदत हवी आहे : मणक्याच्या गादीत जेलचं इंजेक्शन
नमस्कार मंडळी. वडिलांचं आयुष्य सोलापुरात यंत्रमागावर उभं राहण्यात गेलं. एमआरआयमध्ये एल४-एल५ची (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी वाळून काळी दिसतेय. पायात मुंग्या नाहीत, दुखते ती कंबरच. ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जातात.

गादीच्या गाभ्यातलं पाणी आटतं, म्हणून तिथे सुईने हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल) भरायच्या चाचण्या परदेशात चालू आहेत. हायड्राफिल नावाचं जेल तर गरम करून पातळ करतात, आत गेल्यावर ते घट्ट होतं. इथे मात्र एक जण 'जेलचं इंजेक्शन' म्हणून भलतीच रक्कम सांगतोय. हे पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) की स्टिरॉइड, विचारलं तर गोलमाल उत्तर!

भारतातली अशी चाचणी सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदणी साइट) कुणाला दिसली का? पुणे-हैदराबादकडे स्पष्ट बोलणारा मणक्याचा डॉक्टर कुणी सुचवेल का?