टिपणे कुठे ठेवावीत? सोलापूरकरांचे अनुभव

टिपणांसाठी ब्राउझरमध्ये चालणारी सेवा निवडावी की स्वतःच्या संगणकावर बसवायचे मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असे) ॲप, हा प्रश्न आमच्या वाचकमंडळात वारंवार निघतो. एव्हरनोट या टिपणसेवेने डिसेंबर २०२३ मध्ये विनामूल्य खात्यावर ५० टिपणे आणि एक वही अशी मर्यादा घातल्यापासून तर अधिकच. ज्यांनी यांपैकी एखादा मार्ग रोजच्या कामात वापरला आहे, त्यांनी काय निवडले आणि कशासाठी, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

माझ्यापासून सुरुवात करतो. सोलापुरातील १९३० च्या मार्शल लॉविषयी (लष्करी अंमलाविषयी) मी टिपणे काढतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. त्याआधीचा घटनाक्रम लावताना एकेका तारखेला अनेक कात्रणे जोडावी लागतात. असे काम वर्षानुवर्षे चालते आणि एखाद्या कंपनीने धोरण बदलले म्हणून ते अडावे, हे मला मान्य नाही. म्हणून मी जॉप्लिन हे मुक्तस्रोत ॲप निवडले. एव्हरनोटमधून निर्यात केलेली ईनेक्स फाइल ते थेट वाचते. टॅग, जोडलेली छायाचित्रे आणि टिपण केल्याची मूळ तारीख टिकून राहते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: जॉप्लिन टिपणे सुट्या फाइलींत नव्हे, तर संगणकावरच्या एका डेटाबेसमध्ये ठेवते. साध्या मार्कडाउन फाइली (कुठल्याही ॲपमध्ये उघडणारा साधा मजकूर) हव्या असतील तर त्या वेगळ्या निर्यात कराव्या लागतात, आणि मी ते काम नियमाने करतो.

चादर-टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी:
सर, आपले काम एकट्याचे आहे, आमचे चौघांचे. सुताचा काउंट (बारीक-जाडपणा), रंग, नग आणि माल देण्याची तारीख या नोंदी माझ्याबरोबर डिझाइन करणारे, रंगखात्याचे आणि माल पाठवणारे गृहस्थ एकाच वेळी पाहतात. त्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारे गूगल कीप पुरते. टिपण दुसऱ्याच्या खात्याला जोडले की काम झाले, काही बसवावे लागत नाही. जॉप्लिनमध्ये वही इतरांना द्यायची तर जॉप्लिन क्लाउड किंवा स्वतःचा जॉप्लिन सर्व्हर लागतो, आणि तो सांभाळणारा माणूस आमच्याकडे नाही. ऑर्डर पुरी झाली की त्या नोंदीचे मोल संपते, त्यामुळे मला ब्राउझरच योग्य वाटतो. तरीही गूगल टेकआउटमधून (आपली माहिती उतरवून घेण्याच्या गूगलच्या सोयीतून) सर्व नोंदी अधूनमधून उतरवून घेतो. त्या एचटीएमएल आणि जेसन स्वरूपात मिळतात.

पक्षिनिरीक्षक:
नान्नजच्या माळावर मला अनेकदा रेंज मिळत नाही, म्हणून इंटरनेटवाचून उघडणारे ॲप ही माझी पहिली अट होती. नोशन या टिपणसेवेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑफलाइन सोय दिली, तोवर माझ्या नोंदी जॉप्लिनमध्ये रुळल्या होत्या. धाविक पक्षी दिसला, लांडग्याची पावले आढळली, की नोंद फोनमध्येच होते आणि घरी आल्यावर ती संगणकाशी जुळते. सिंक होण्याआधी तेच टिपण दोन्हीकडे बदलले गेले, तर स्थानिक प्रत वेगळ्या वहीत जपली जाते, मजकूर हरवत नाही. माळावर हिंडणाऱ्या मित्रांना मात्र आग्रहाने सांगतो की, जॉप्लिन टिपणाबरोबर अक्षांश-रेखांशही साठवू शकते. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे ठिकाण अशा रीतीने कोणाच्या हाती पडता कामा नये. नोंद इतरांना देण्यापूर्वी ती माहिती काढून टाकावी, किंवा सेटिंगमध्ये ही सोय बंदच ठेवावी.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी:
माझ्याकडे स्वतःचा संगणक नाही आणि प्रयोगशाळेतील संगणकावर काही बसवण्याची परवानगी नाही. माझ्यासाठी ब्राउझर हाच मार्ग आहे. काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडणे तेवढे कटाक्षाने पाळते.

वकील, जिल्हा न्यायालय:
अशिलाची माहिती माझ्याशिवाय कोणी वाचू नये, ही माझी गरज आहे. मुक्तस्रोत म्हणजे आपोआप गोपनीय, असा समज येथे होऊ नये. जॉप्लिनमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (सेवा चालवणाऱ्यालाही मजकूर वाचता येऊ नये अशी कुलूपबंदी) आपण स्वतः सुरू करावे लागते, स्टँडर्ड नोट्स या टिपणांच्या ॲपमध्ये ते मुळातच असते. म्हणून मी दुसरे निवडले. त्याचा पासवर्ड विसरला तर कंपनीही टिपणे उघडून देऊ शकत नाही, म्हणून तो कागदावर लिहून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवला आहे.