प्रतिसाद: चिलखत जाड केलं की रणगाडा सुरक्षित?

वर एकांनी लिहिलंय, 'पोलाद आणखी जाड करा, प्रश्न मिटला.' इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, त्यामुळे आम्हा नाशिककरांचा कल तसाही तोफेकडे. तरी चिलखताच्या बाजूने दोन शब्द.

दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत टी-३४ रणगाड्याचा पुढचा पत्रा फक्त ४५ मिमीचा, पण उभ्यापासून ६० अंश कललेला. समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला तोच ९० मिमी पडतो. पत्रा कलता ठेवून जाडी मिळवायची ही युक्ती, पण तेवढीच उंची झाकायला कललेला पत्रा लांबही लागतो, त्यामुळे वजन फारसं वाचत नाही.

पुढे हीट (HEAT, रणगाडाभेदी स्फोटक) गोळे आले आणि नुसत्या पोलादाचं काही चालेना. त्यांच्यातल्या तांब्याच्या शंकूची स्फोटाने अतिवेगवान धार होते, ती पोलादात घुसत जाते. म्हणून सिरॅमिक आणि धातूचे थर. ब्रिटिशांचं चोबम हे त्यातलंच, आपल्या अर्जुन रणगाड्यावरचं कांचनही मिश्र चिलखतच.

टी-७२ रणगाड्यावर विटांसारखे डबे दिसतात ना, त्यांत दोन पत्र्यांमध्ये स्फोटक असतं. धार लागताच ते फुटतं, पत्रे तिरपे उडून धारेला आडवे येतात आणि ती विस्कटते. मात्र फुटलेला डबा पुन्हा कामाचा नाही, आणि जवळ चालणाऱ्या पायदळाने जपूनच राहावं.

आता खरी डोकेदुखी छताची. जॅव्हलिनसारखं क्षेपणास्त्र वरून येतं, आणि छत सगळीकडेच पातळ. तिथेही पुढच्यासारखं चिलखत चढवलं तर वजन पेलणार कोण? नुसत्या चिलखतावर विसंबायचं नाही म्हणून इस्रायलने आपल्या मर्काव्हा रणगाड्यावर ट्रॉफी ही संरक्षण यंत्रणा बसवली: येणारं अस्त्र रडारने हेरायचं आणि गाड्याला लागण्याआधीच उडवायचं.