'सूह्लस'ला मराठीत काय म्हणावे?

वैदेही: स्लोव्हाक कादंबरीकार-निबंधकार दोमिनिक तातार्का (१९१३–१९८९) यांच्या 'देमोन सूह्लसु' ('देमोन' म्हणजे राक्षस) या कथेला मराठी नाव हवे आहे. आधी १९५६ मध्ये 'कुल्तूर्नी झिव्होत' साप्ताहिकात आले, पुस्तक १९६३ चे. कोशात 'संमती' मिळते, पण त्याने संमतिवयाचा कायदा नाहीतर ऑपरेशनआधीची सही आठवते. इथे मेलेला लेखक मरणानंतर सांगतो, की आपण कशा माना डोलावत गेलो.

विश्वास: 'सहमती' घ्या. 'सू' म्हणजे सह, 'ह्लस' म्हणजे आवाज.

सायली: आवाज कुठे आणि मती कुठे! सहमतीला डोके लागते. तातार्कांचे म्हणणेच हे, की डोके बाजूला ठेवून नुसता सूर मिसळला जातो. म्हणजे 'री ओढणे'. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी ओढतात तशी.

गजानन: झीलकऱ्यांना कशाला बदनाम करता? झील धरायला ताल आणि दम दोन्ही लागतात. 'मम म्हणणे' नेमके आहे. मंत्र भटजींचा, यजमानांनी फक्त 'मम' म्हणायचे.

विश्वास: 'मम म्हणण्याचा राक्षस' असे मुखपृष्ठावर छापणार? नाम हवे. 'होयबा' माणसाला लागतो, वृत्तीला नाही.

सायली: मग 'होकाराचे भूत'. राक्षस बाहेरून चाल करून येतो, भूत मानगुटीवर बसते. स्तालिनकाळात कुणी बंदूक रोखलेली नसतानाही लेखक होकार देत होते, ते या भुतानेच.

गजानन: 'देमोन'ला भूत? अर्थ पातळ झाला.

वैदेही: माझ्या लेखात तातार्कांची 'फर्स्का रेपुब्लिका' (१९४८) ही कादंबरीही येते. 'धर्मसत्ताक' चालेल?

सायली: नाही. 'फरा' म्हणजे एका पाद्र्याच्या हाताखालचा इलाका. योझेफ तिसो १९३९ ते १९४५ स्लोव्हाकियाचे राष्ट्राध्यक्ष होते आणि बानोव्त्से गावचे पाद्रीपदही त्यांनी सोडले नव्हते. 'धर्मसत्ताक'मध्ये हा गावकी आवाका हरवतो. वसईचे कॅथलिक 'धर्मग्राम' म्हणतात. 'धर्मग्रामी प्रजासत्ताक' करा.

विश्वास: वसईबाहेर तो शब्द कुणाला कळतो? गोव्यात 'फिर्गज' म्हणतात.

सायली: तो पोर्तुगीजमधून आलेला. मराठी शब्द असताना उसना कशाला?

गजानन: बंगला, टेबल सगळे मराठीच्या घरात नांदते, मग 'फिर्गज'चेच वावडे का? आणि 'धर्मग्राम'मध्ये पाद्र्याचे राहते घर येत नाही. 'फरा' त्या घरालाही म्हणतात.