मदत हवी आहे: तीन दिवस, सात कार्यक्रम, भर उन्हाळा आणि वय ४९

नमस्कार मंडळी,

एरवी मी वाचनमात्र असते. पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

येत्या शुक्रवारी संध्याकाळी नवऱ्याच्या मित्राचं गाणं आहे. शनिवारी सकाळी पाहुणी आलेल्या भाचीला संग्रहालय दाखवायचंय आणि तिथून परस्पर एक चित्रप्रदर्शन, कारण त्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळी मोकळ्या मैदानात नाटक. रविवारी पहाटे गटाबरोबर टेकडी, दुपारी मैत्रिणीची पन्नाशी, आणि रात्रीच्या सिनेमाची तिकिटं लेकीने "आई, तुला आवडेलच" म्हणून न विचारता काढून ठेवली आहेत.

महिन्यापूर्वी असेच दोन दिवस भरगच्च झाले होते, तेव्हाची गोष्ट. संग्रहालयाच्या तिसऱ्या दालनात मी काचेच्या पेटीला कपाळ टेकून उभी होते. बारीक अक्षरांसाठी चष्मा काढायचा, लांबच्या मूर्तीसाठी घालायचा, हे तासभर चाललं होतं. रखवालदार म्हणाला, "बाई, काचेला हात नको." हात नव्हताच, डोकं होतं. बाहेर पायऱ्या उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरला आणि कोणाला कळू नये म्हणून पर्समध्ये काहीतरी शोधण्याचं नाटक केलं. दुसऱ्या दिवशी टेकडी चढले, उतरले, सगळं ठीक. मंगळवारी मात्र जिना खेकड्यासारखा आडवा उतरत होते.

रक्तदाबाची गोळी तीन वर्षं चालू आहे, त्यात लघवी वाढवणारं औषधही आहे. पाळी जायच्या मार्गावर आहे, त्या वाफा वेगळ्याच.

"वय झालं, घरी बसा" एवढं कृपया लिहू नका. मुलं लहान होती तेव्हा पंधरा वर्षं घरीच होते. आता कुठे शनिवारी सकाळी मला कोणी हाक मारत नाही. यातलं काय गाळू, आणि जे उरेल ते निभावू कसं, तेवढं सांगा.

नुसताच_पंखा
सातच्या सात रद्द करा. पंख्याखाली जागा आहे. (हलके घ्या.)

पायवाट
ताई, संग्रहालयात दमणं हे वयाचं लक्षण नाही, त्याला शंभर वर्षांहून जुनं नाव आहे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली 'संग्रहालयाचा थकवा' यावर लेखच लिहिला. चुकीच्या उंचीवर मांडलेल्या वस्तू बघायला माणसाला किती वाकावं नि ताणावं लागतं, याचे फोटो त्यांनी काढून घेतले होते. म्हणजे त्या पेटीवर कपाळ टेकणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. दोनच दालनं ठरवून बघा, बाकीची पुढच्या खेपेला. आणि दर अर्ध्या तासाने बसा, दमल्यावर नव्हे, त्याआधी.

मंगळवारच्या खेकड्याचं कारण टेकडीची चढण नसून उतरण आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आपलं वजन तोलून धरतात, आणि त्या कामाचं दुखणं लगेच येत नाही, २४ ते ७२ तासांत वर येतं. जिना उतरताना गुडघ्यावर वजनाच्या तिपटीहून जास्त भार पडतो. काठी घ्या, पावलं लहान टाका, उताराला नागमोडी जा. गटातले पुढे जातील, जाऊ देत. खाली सगळे भेटतातच.

माझ्या मते चित्रप्रदर्शन गाळा. शेवटच्या दिवशी तिथे चित्रं कमी आणि पाठी जास्त दिसतात.

दवाखान्यातून
मी डॉक्टर आहे, पण न तपासता औषध बदला म्हणणार नाही. तुम्हीही स्वतःहून बंद करू नका. मात्र अंधारी आली होती हे तुमच्या डॉक्टरांना शुक्रवारच्या आत सांगा. पर्समागे लपवण्याची गोष्ट नाही ती. लघवी वाढवणाऱ्या गोळीने अंगातलं पाणी आणि क्षार आधीच कमी होतात, वर घाम. शिवाय उन्हात कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो, त्यामुळे बराच वेळ उभं राहिल्यावर मेंदूकडे रक्त कमी पोचतं. अंधारी आली की लाज न बाळगता तिथेच बसा, जमलं तर आडवं होऊन पाय वर घ्या.

पाणी घोटघोट प्या. जलसंजीवनीची पाकिटं रक्तदाब असताना सरबतासारखी पिऊ नका, त्यात मीठ असतं. गोळ्यांची डबी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी सहज चढतं. आणि सोबतचं कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो साधा थकवा नाही. ४० अंशांपुढचा उष्माघात जीव घेतो. अंगावर पाणी ओतत, वारा घालत थेट रुग्णालय गाठायचं.

पन्नाशीपार
माझा अनुभव सांगते. कार्यक्रम दमवत नाहीत, एकातून परस्पर दुसऱ्यात जाणं दमवतं. तुमच्या धाग्यात 'परस्पर' आलाय बघा! शनिवारी दुपारी घरी या, पडदे ओढा, दोन तास आडव्या व्हा. तसंही हवा सर्वांत जास्त तापते ती बाराला नाही, तीन-चारच्या सुमाराला. मैदानातली जमीन तर सूर्य मावळल्यावरही तापलेली असते, बसायला जाडसर काहीतरी न्या. वाफेसाठी ओला रुमाल आणि वरून काढता येईल असा सैल थर. बहुतेक वाफा चार-पाच मिनिटांत ओसरतात. मी तेवढा वेळ मोबाइल बघते.

आणि तिकिटं काढण्याआधी विचारायचं, हे लेकीला सांगा. मला सांगायला तीन वर्षं लागली.

नुसताच_पंखा
पन्नाशीपार यांना +१. मघाशी थट्टा केली, पण बायकोला हा धागा पाठवलाय.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, आज बुधवार.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी बोलावून उभ्याने आणि झोपून असा दोनदा रक्तदाब मोजला, गोळीचं त्या बघताहेत. चित्रप्रदर्शन गाळलं. नवरा म्हणाला, "सुटलो." त्यालाही जायचं नव्हतं, मला आवडतं म्हणून गप्प होता.

संग्रहालयात दोनच दालनं बघितली. बाकावर बसले होते तर भाचीने समोरच्या पेटीतली हस्तिदंती फणी दाखवली. एका टोकाचे दोन दात तुटलेले, म्हणजे कोणीतरी खरंच वापरलेली. दहा वेळा तरी त्या पेटीवरून गेले असेन. रखवालदार तोच होता. त्याने ओळखलं की नाही माहीत नाही, निघताना मात्र म्हणाला, "आतमध्ये पण खुर्ची आहे, बाई."

टेकडी सगळ्यांच्या शेवटी उतरले. मंगळवारी जिना सरळ उतरले, थोडी कुरकुर झाली. पन्नाशीला मैत्रिणीच्या आतल्या खोलीत अर्धा तास पडले, तिथे आधीच दोघी झोपलेल्या होत्या.

सिनेमा रद्द करवला नाही. मध्यंतरानंतरचं काहीच आठवत नाही. लेकीने शेवट कसा वाटला विचारलं, मी 'अनपेक्षित' म्हटलंय.