मानसशास्त्र शिकताना प्राण्यांनी तुम्हाला कधी हसवलं?

एमएला असताना नांदेडच्या खोलीत मी मोठ्यानं हसले ती रॅकून या अमेरिकेतल्या प्राण्यावर. प्राण्यांना शिकवणाऱ्या ब्रेलंड नवरा-बायकोनं त्याला खाऊच्या बदल्यात नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवलं. एक नाणं कसंबसं टाकलं त्यानं. पण दोन दिली की पठ्ठ्या ती एकमेकांवर घासतच बसायचा. डब्यात बुडवायचा, परत काढायचा, परत घासायचा, खाऊ हातचा गेला तरी. आईनं विचारलं, "अभ्यास करायलीस का हसायलीस?" वाचून दाखवलं तर म्हणाली, "त्याच्या हाताचीच खोड हाय ती, जाईल कशी?" ब्रेलंड यांच्या १९६१ च्या लेखात नेमकं हेच लिहिलंय! तुमचंही सांगा.

बीडहून
मला बर्लिनच्या हान्स घोड्यानं हसवलं. गणित घातलं की तो टाप आपटून उत्तर द्यायचा. १९०७ मध्ये फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं उलगडा केला: बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं, आणि घोडा तिथंच थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सचं गणित चुकायचं.

त्यानंतर दारात नंदीबैल आला तेव्हा मी बैलाकडं बघितलंच नाही, मालकाच्या हाताकडं बघत राहिले. "पाऊस पडंल का, सांग!" गुबुगुबु वाजलं, दोरी जराशी हलली, की मान डुलली. आजीनं सुपात जोंधळे आणले. मी तिला काही बोलले नाही. एवढ्याशा हालचालीवर जनावराचं किती ध्यान असतं, याचंच मला नवल वाटत होतं.

परभणीहून
प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या टिनबर्गनचे काटेरी मासे! खिडकीबाहेरून लाल टपालगाडी गेली की काचेच्या टाकीतले नर तिकडं धावायचे, कारण त्यांच्या वैऱ्याचं पोट लाल. बसस्टँडवर लालपरी शिरली की अजून हसू येतं.

औशाहून
मानसशास्त्रज्ञ स्किनरची कबुतरं, १९४८. काहीही करा, ठरल्या वेळानं दाणा मिळणारच. तरी आठांपैकी सहांनी आपापली रीत लावून घेतली. एक गिरक्या घ्यायचं, एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसायचं.

रात्रीच्या लाईटची वाट बघत विहिरीवर बसलो होतो, तेव्हा हे अप्पांना सांगितलं. अप्पा स्टार्टरच्या पेटीवर दोनदा टिचकी मारल्याबिगर बटन दाबत नाहीत. ऐकून ते पोट धरून हसले. डोळे पुसतात तोवर लाईट आली. अप्पा उठले, माझ्याकडं बघितलं, आणि टिचकी मारली. एकदा. दोनदा.