मागच्या प्लॉटवरचं भंगार गोदाम

बी-५०२: काल रात्री परत वायर जाळली त्या भंगारवाल्याने. अकरा वाजता गॅलरीत उभं राहवत नव्हतं. बाबांना दोनदा दम्याचा पंप घ्यावा लागला. सेक्रेटरी साहेब, आता काहीतरी कराच.

सी-१०१: आमच्याकडेही तोच वास. सकाळी तुळशीवर काळी राख होती.

ए-७०३: सरळ सह्यांची मोहीम काढू. "गोदाम हटवा", एवढंच लिहायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडी-चिखलीत हजारो पत्र्याच्या शेड पाडून मैदान केलं की नाही? इथे तर एकच आहे.

डी-२०४: तिथून उठलेली मंडळी गेली कुठे, हे पण विचारा. हाही त्यानंतरच आला ना इकडे?

सेक्रेटरी: मी काल संध्याकाळी जाऊन आलो त्याच्याकडे. माणूस बोलायला नीट आहे, चहा पाजला. म्हणाला, सगळे कागद आहेत साहेब. शॉप ॲक्ट, जीएसटी आणि उद्यम. तिन्ही लॅमिनेट करून वजनकाट्याच्या वर टांगलेत. फोटो टाकतोय.

ए-१०४: सेक्रेटरी साहेब, यातला एकही कागद भंगार साठवायचा परवाना नाही.

सेक्रेटरी: काका, शॉप ॲक्ट आहे की.

ए-१०४: माझी उभी नोकरी परवाना खात्यात गेली. २०१७ च्या नव्या दुकान कायद्यात थोडेच कामगार असतील तर नोंदणीसुद्धा लागत नाही. नुसतं ऑनलाइन कळवायचं, पावती मिळते. शेजारी शाळा आहे की पेट्रोल पंप, आत रद्दी आहे की रसायनाचे बॅरल, हे कोणी विचारत नाही. जीएसटी कर भरण्यासाठी, उद्यम कर्जाबिर्जासाठी. लोक हे तीन कागद टांगतात आणि तपासायला आलेला माणूससुद्धा मान डोलावून जातो.

ए-१०४: खरा कागद वेगळा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम ३७६. चटकन पेट घेणारा, धोकादायक माल साठवायचा असेल किंवा शेजाऱ्यांना उपद्रव होईल असा धंदा करायचा असेल, तर आयुक्तांचा परवाना लागतो. मुंबईत हेच काम १८८८ च्या कायद्याचं कलम ३९४ करतं.

ए-७०३: म्हणजे परवाना नाही, धंदा बेकायदा. विषय संपला!

ए-१०४: तुम्ही "हटवा" लिहिलंत की अर्ज जातो अतिक्रमणकडे. ते म्हणणार, जागा खाजगी, भाडेकरार आहे, आमचा विषय नाही. तिथून बांधकाम विभाग. ते शेडचं माप घेणार, नोटीस काढणार, मालक कोर्टात जाऊन स्थगिती आणणार. तोवर वायर जळतच राहणार.

बी-५०२: मग लिहायचं काय काका?

ए-१०४: एवढंच, की "सदर जागेस कलम ३७६ खाली परवाना दिलेला आहे काय, असल्यास अटींसह प्रत द्यावी, नसल्यास काय कारवाई केली ते कळवावे". या वाक्याला निरीक्षकाला जागेवर जाऊनच उत्तर द्यावं लागतं. परवाना नसेल तर त्याला अर्ज करायला लावतील, आणि परवाना निघाला की अटी चिकटतात. माल कुंपणाच्या आत, रस्त्यावर नाही. आत काही जाळायचं नाही. आग विझवायची साधनं आणि बंबाला वाट. अट मोडली की परवाना निलंबित करता येतो. आज त्याच्याकडे काढून घेण्यासारखं काही नाहीच, म्हणून तो बिनधास्त आहे.

ए-७०३: काका, तुम्ही त्याचा धंदा पक्का करून देताय.

ए-१०४: हो, अटींवर. हाकलला तर तो नाल्यापलीकडे ग्रामपंचायत हद्दीत शेड टाकेल. तिथे हे कलमच लागू नाही, आणि धूर काय हद्द बघून थांबत नाही.

सी-३०१: आपल्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींचं पण बघा. सुका माल वेगळा काढून त्या तिथेच विकतात. गोदाम लांब गेलं तर हातगाडी ढकलत किती जायचं त्यांनी? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून याच लोकांसाठी भांडतेय. २०१६ च्या घनकचरा नियमांतही या मंडळींना व्यवस्थेत सामावून घ्या असंच लिहिलं होतं. भंगारवाला नकोसा वाटतो, पण आपला पुठ्ठा दुसरं कोण नेणार?

ए-७०३: ताई, पुठ्ठ्याला कोणाचीच हरकत नाही. प्रश्न धुराचा आहे.

डी-२०४: धुराबद्दल सांगतो. वायरवरचं आवरण पीव्हीसी. ते उघड्यावर जाळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, डायऑक्सिन नावाची विषं तयार होतात. दम्याच्या माणसाला पहिला वायू लगेच कळतो, दुसरं कळतही नाही. सोलायचं यंत्र मिळतं, आणि सोललेल्या तांब्याला जळक्यापेक्षा भाव पण जास्त. पण पोत्याने येणारी बारीक वायर सोलत बसायला मजुरी लागते, काडीपेटी स्वस्त पडते.

खजिनदार: बारीक वायरवरून आठवलं, इंटरकॉमची जुनी वायर आपण त्यालाच दिली होती. पावती नाही, रोख जमा दाखवलीय.

बी-५०२: धन्य आहे.

डी-२०४: ई-कचरा तर त्याला देताच येणार नाही. २०२२ च्या नियमांनुसार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेला रिसायकलर लागतो. मदरबोर्ड, यूपीएस, सगळं त्यात आलं. आणि आत काय येतंय हे भंगारवाल्याला स्वतःलाही कळत नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत काय झालं? विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने जुनं गॅमा यंत्र लिलावात काढलं. भंगार बाजारात ते फोडलं, आत किरणोत्सारी कोबाल्ट-६०. एक कामगार गेला, बाकीचे कित्येक दिवस इस्पितळात. लिलाव करणारे शिकलेले होते, फोडणाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

सी-१०१: बापरे. आपल्या मागे असलं काही नसेल ना?

डी-२०४: नाही हो वहिनी. पण गेटवर आवक नोंदवही ठेवायला लावायची ती यासाठीच. कोणी काय आणलं, किती वजन, कुठून. चोरीचा माल ओळखायलाही तीच. चोरीची झाकणं-नळ घेणारा नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली अडकतो.

सी-४०२: मध्येच विचारतो, माझी जुनी गाडी तो अठरा हजाराला मागतोय. देऊ का? पार्किंग तरी मोकळं होईल.

ए-१०४: अजिबात नको. तो गाडी कापेल, पण आरसी तुमच्याच नावावर राहील. नंबर प्लेट कुठे फिरेल देव जाणे. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथे गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं, ते दाखवून आरटीओत नोंदणी रद्द होते, नव्या गाडीच्या करात सवलतीची तरतूदही आहे.

सी-४०२: पण तो घरी येऊन नेतो हो...

ए-१०४: चोर पण घरी येऊनच नेतात.

सी-३०१: 😀

डी-२०४: आगीचा मुद्दा अर्जात हवाच. मानखुर्दला मंडालात फेब्रुवारी २०२१ मध्ये भंगार गोदामं पेटली तेव्हाचा धूर आठवतोय? आपली मागची गल्ली बघा. त्याचा टेम्पो लागला की दुचाकी जात नाही, बंब कुठून घालणार?

ए-१०४: अग्निशमनला प्रत द्याच. फक्त सेक्रेटरी साहेब, इमारतीची आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा आपला बी फॉर्म भरलाय ना? २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. चौकशी लावली की ते आधी आपल्याच दारात येतील.

सेक्रेटरी: ... जानेवारीचा राहिलाय. एजन्सीला आजच फोन करतो.

बी-५०२: आणि रात्रीचं काय? परवाना निघेपर्यंत बाबांनी खिडक्या बंद करून बसायचं?

ए-१०४: नाही बाळा. जळत असतानाच ११२ ला फोन कर, वेळ दिसेल असा व्हिडिओ काढ. तीन-चार वेगवेगळ्या फ्लॅटमधून तक्रार गेली पाहिजे, एकाची कोणी धरत नाही. उघड्यावर कचरा जाळल्याचा दंड आरोग्य निरीक्षक जागेवर करतो, त्याला परवान्याची वाट बघावी लागत नाही. एवढ्यानेही ऐकलं नाही तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे उपद्रवाचा अर्ज. पूर्वीचं कलम १३३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १५२.

ए-७०३: ठीक आहे. "हटवा" काढतो. पण वेळेची अट घाला, रात्री आठनंतर पत्रा आपटायचा नाही.

ए-१०४: घाला की. मसुदा दुपारपर्यंत टाकतो. मूळ अर्ज परवाना विभागाला, प्रती आरोग्य आणि अग्निशमनला. सोबत माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा वेगळा अर्ज, तीस दिवसांत उत्तर येतं.

सेक्रेटरी: सोमवारी मी आणि ए-७०३ क्षेत्रीय कार्यालयात जातो.

ए-१०४: प्रत्येक प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर हलू नका.

सी-१०१: जाता जाता पाण्याच्या टँकरचं पण विचारता का?